डबा उजवीकडे कलंडतो तेव्हा

मित्रांनो, त्या पत्राला कुणी उत्तर दिले नाही. पानगळ संपली, कालव्यांवर बर्फाचा पापुद्रा धरला, तरी नाही. पत्र मला आलेले नव्हते, पण राहिले मात्र माझ्याजवळ. माझी फळी आणि मागची लोखंडी चौकट यांच्यात एक बोटभर फट आहे. ज्यांना ते आले होते त्या टामेन सरांनी ते घडी करून तिथे खोचले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. कागदाला वजन ते किती! पण मला तो साऱ्या हिवाळ्यात पायात मोडलेल्या काट्यासारखा सलत राहिला.

मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे, यंत्रांचे नि जहाजांचे नकाशे काढायचा लाकडी फळा. राग येणे माझ्या जातीला शोभते की नाही, मला ठाऊक नाही. रेघ मारणारे मारतात, आम्ही फक्त सपाट राहायचे, एवढेच आम्हांला शिकवलेले असते. त्यात मी बुजरा. माझ्यावर कायम कुणाची ना कुणाची पुस्तके पडलेली असत, ती वाचून वाचून थोडा पुस्तकीही झालो आहे. तेव्हा सांगताना अडखळेन, कुठे चुकेनही. पण मी रागावलो आहे, आणि ते सांगितल्यावाचून आता राहवत नाही.

माझा जन्म लिंडेनच्या झाडातून झाला. हे लाकूड मऊ असते. पेन्सिलीचे टोक त्यात किंचित रुतते आणि पुन्हा वर येते, म्हणून नकाशे काढणारे त्याच्यावर जीव टाकतात. ज्या सुताराने मला घडवले त्याने माझ्या फळ्या पुरत्या वाळल्याशिवाय जोडल्या नाहीत. शेवटी त्याने डोळे मिटून माझ्या अंगावरून नख फिरवले. नख कुठेही अडले नाही. माझ्या आयुष्यातले ते पहिले प्रशस्तिपत्र. मग मला लोखंडी पाय मिळाला. काम करणाऱ्याने पायाने एक दांडी दाबली की मी उभा होई, पुन्हा दाबली की आडवा. उजव्या खांद्यावर दोन पट्ट्यांचा एक हात बसवला, जो कुठेही फिरवला तरी काटकोन सोडत नसे.

तिथून मी एम्स नदीच्या काठावरच्या जहाजगोदीत आलो. नकाशाघरात आम्ही ओळीने उभे असू, उत्तरेच्या खिडक्यांकडे तोंड करून, कारण उत्तरेच्या उजेडाला सावली नसते. माझ्यापुढे उभा राहिला फोल्केर्ट टामेन नावाचा एक शिकाऊ. उंच, किडकिडीत, आणि कुणी नुसते नाव घेतले तरी कान लाल होणारा. त्याचा आवाज मला पहिले कित्येक आठवडे ऐकूच आला नाही. पण रेघ! रेघ अशी की तिच्यावरून पाणी वाहत जावे. आमच्या जोडीने काढलेले पहिले जहाज पाण्यात उतरले त्या दिवशी सारे नकाशाघर धक्क्यावर धावले. आम्ही फळे आत. संध्याकाळी फोल्केर्ट ओल्या बुटांनी परत आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "तरंगलं रे!"

हे मला म्हणाला होता. तेव्हा दुसरे कुणीच नव्हते तिथे.

पुढे संगणक आले. मी त्यांच्यावर रागावलेलो नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा. संगणक रेघ सुरेख काढतो, पुसताना कागद काळा करत नाही आणि त्याला जांभया येत नाहीत. माझ्या ओळीतले बाकीचे फळे मात्र कुणाच्या गोठ्यात गेले, कुणाच्या शेकोटीत. मी वाचलो, कारण फोल्केर्ट तोवर गावातल्या तंत्रविद्यालयात शिक्षक झाला होता. त्याने मला मागून घेतले. तेव्हापासून तो टामेन सर झाला आणि मी संगणकाच्या खोलीतला एकटा लाकडी रहिवासी.

त्या खोलीत मुले संगणकावर नकाशे काढायला शिकत. कॅड म्हणतात त्याला. ही मुले अर्धा आठवडा कुठल्या तरी कारखान्यात उमेदवारी करत आणि अर्धा आठवडा आमच्याकडे येत. पण टामेन सरांचा एक रिवाज होता. पहिला आठवडा माऊसला हात लावायचा नाही. सर मला आडवा करत, कोरा कागद चिकटवत आणि त्यावर चहाचा पत्र्याचा डबा ठेवत. डब्याच्या समोरच्या अंगावर घराची कौले रंगवलेली, डाव्या अंगावर लाल गुलाब.

"सर, डबा रिकामा आहे ना?" कुणीतरी विचारायचेच.

"भरलेला आहे. सांडलास तर सगळ्या वर्गाचा चहा तू करायचा." हे बोलताना सरांचे कान लाल नसत. शिकवताना ते बुजरेपणा विसरत. "आता डबा उजवीकडे कलंडव. वर काय आलं?"

"गुलाब."

"मग गुलाब कागदावर कुठे काढायचा?"

"उजवीकडे."

"आणि तो डब्याच्या कुठल्या अंगाला होता?"

"डाव्या... अरे! डाव्या!"

"बस. ही आपली रीत. वस्तू कागदावर कलंडवायची आणि वर येईल ते काढायचं. अमेरिकेकडे याच्या बरोबर उलट करतात. तेही बरोबर. दोन्ही बरोबर. पण एकाच कागदावर दोन्ही रीती आल्या, तर कुणाचं तरी बोट जाणार."

म्हणून प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटी खूण असते, तुटक्या टोकाचा शंकू आणि शेजारी एकात एक दोन वर्तुळे. कारागीर आधी ती खूण बघतो. शंकू वर्तुळांच्या डावीकडे असला तर आपली रीत, उजवीकडे असला तर पलीकडची. त्या खुणेला सर 'कागदाचा शब्द' म्हणत. नकाशाने शब्द दिला की पाळायचा.

मुले हसत. हसोत बापडी. उल्फर्ट ओल्टमान्स नावाचा एक चलाख विद्यार्थी तर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "सर, माझ्या आजीकडेही असाच डबा आहे. तिलाही डिप्लोमा देऊन टाका." वर्ग खो खो हसला. सरांचे कान लाल झाले. आणि मित्रांनो, हाच उल्फर्ट शहरात मोठे शिकून आला आणि आमच्या विभागाचा प्रमुख झाला.

ओल्टमान्स सरांनी पहिल्याच बैठकीत डब्याचा आठवडा काढून टाकला. "जगात आता हाताने कोण काढतं?" ते म्हणाले. नवे पडदे आले, नवी प्रणाली आली. खोलीत सामान ठेवायला जागा कमी पडू लागली, तेव्हा त्यांनी मला आडवा केला आणि माझ्यावर कॉफीचे यंत्र ठेवले. आमचा हा सगळा मुलूख चहाचा! पाहुण्याला कॉफी विचारली तर पाहुणा दुखावतो, असा मुलूख. आणि माझ्यावर कॉफी. गळणारी. ज्या लाकडावर जहाजांची पोटे आखली त्यावर तपकिरी गोल डाग पडू लागले. माझा दोन पट्ट्यांचा हात काढून खिडकी उघडी ठेवायला अडकवला. वारा आला की तो बिचारा थडथडायचा, आणि काटकोन तरीही सोडायचा नाही.

पण खरे सांगतो, मी हे सोसले असते. म्हाताऱ्या लाकडाला डाग पडायचेच. माझा राग यावर नाही.

माझा राग ओक्कासाठी आहे.

ओक्का डिर्क्स. तिचे वडील समुद्राच्या बांधावरची दारे सांभाळत. आमची जमीन समुद्राहून खोल आहे. ओहोटीला दारे उघडून पाणी बाहेर सोडायचे, भरतीला मिटायची. दार चुकले की गायी पाण्यात. ओक्का अशाच दारांचे लोखंडी भाग घडवणाऱ्या वीर्ट्स यांच्या कारखान्यात उमेदवार होती. पेन्सिल चावायची, शिवी दिली की स्वतःच तोंडावर हात ठेवायची. डब्याचा आठवडा बंद झाल्याचे तिला कळले तेव्हा ती जेवणाच्या सुट्टीत टामेन सरांपुढे येऊन उभी राहिली.

"मोइन, सर," तिने आमच्या मुलखातला नमस्कार केला. "तो डबा म्हणे तुमच्याकडे आहे."

"आहे. पण तो आता अभ्यासक्रमात नाही."

"मीही जेवणाच्या सुट्टीत अभ्यासक्रमात नसते. दाखवा."

सरांनी कॉफीचे यंत्र बाजूला सारले आणि डबा माझ्यावर ठेवला. कित्येक महिन्यांनी! त्या दिवशी तिने डबा चारही बाजूंना कलंडवला, आणि शेवटी चहासुद्धा सांडला.

मग तिचे अंतिम काम आले. बांधावरच्या एका दाराला दोन झडपा होत्या. त्यातल्या उजव्या झडपेचा वाकडा हात तिने आखायचा, तिच्याच कारखान्यात तो ओतायचा, आणि परीक्षा मंडळातल्या लोकांसमोर दाराला बसवायचा. तो बसला की ओक्का सनदी आरेखक. तिच्या घरात आजवर कुणाकडे सनद नव्हती. वडिलांनी भिंतीवर खिळाही ठोकून ठेवला होता म्हणे. ती हसून सांगायची, "सध्या त्याला बाबांची टोपी टांगलेली असते."

नकाशाची तयार चौकट ओल्टमान्स सरांनी स्वतः बसवलेली होती. विद्यालयाचे नाव, त्यांचे नाव, आणि कोपऱ्यात आपल्या रीतीचा शंकू. ओक्काने समोरचे दृश्य मांडले. बाजूचे दृश्य यंत्राने आपणहून शेजारी नेऊन बसवले. ती थांबली. मान तिरकी केली. उठून खिडकीतला डबा आणला, मेजावर ठेवून कलंडवला, पुन्हा पडद्याकडे पाहिले.

"सर, एक मिनिट. बाजूचं दृश्य उलट्या बाजूला बसतंय. कोपऱ्यात शंकू आपला आहे, पण यंत्र मांडतंय पलीकडच्या रीतीनं."

ओल्टमान्स सर आले. पडद्याकडे त्यांनी पाहिलेच नाही. पाहिले ते डब्याकडे.

"हा अजून इथे आहे? डिर्क्स, दुकान टाकलंस का चहाचं?"

वर्ग हसला.

"सर, तुम्ही एकदा बघा तर..."

"चौकट मी बसवली आहे. यंत्र चुकत नाही, माणसं चुकतात. पुढे चल."

"पण कारागीर शंकू बघून..."

"पुढे. चल. परीक्षेत काम बघतात, डबे नाही."

त्या वेळी टामेन सर माझ्याजवळ उभे होते. कागद चाळत होते म्हणे. कागद कोरे होते. त्यांचा हात माझ्या कडेवर होता आणि नखे लाकडात रुतत होती, हे माझ्याइतके दुसऱ्या कुणाला कळणार? त्यांना सगळे समजले होते. एका नजरेत समजले होते. बोला, मी आतल्या आत म्हणालो, बोला हो, एक वाक्य! ज्यांनी मला उभे ठेवले त्यांच्याकडून मी एवढेच मागितले. सर खाकरले. मग त्यांनी पिशवी उचलली आणि ते निघून गेले.

ओक्काने डबा जागेवर ठेवला आणि ती पुढे गेली. काय करणार? गुण देणारा माणूसच पुढे चल म्हणाला होता.

कारखान्यात कारागिराने शंकू पाहिला, कागदाच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि आपल्या रीतीने नकाशा वाचला. उजव्या झडपेचा हात डाव्या झडपेला बसेल असा ओतला गेला. बांधावर मंडळाचे लोक कोट घालून उभे, वडील टोपी हातात घेऊन उभे, आणि तो हात दाराला लावला तर झडप उघडायची ती भिंतीत घुसू लागली. हे मी पाहिले नाही. शिक्षकांच्या गप्पांतून ऐकले. कुणीतरी वाकवून दाखवले आणि बाकीचे कॉफी पीत हसले. माझ्यावर कप ठेवून हसले.

मंडळाने शेरा मारला, 'गंभीर निष्काळजीपणा'. नुसते नापास झाले तर वर्षाने पुन्हा बसता येते. हा शेरा असला की कुठलाही कारखाना उमेदवार म्हणून ठेवत नाही, आणि कारखान्याशिवाय परीक्षा नाही. वीर्ट्स माणूस वाईट नव्हता, पण त्यानेही तिला काढले.

आता ऐका. बांधावर हे घडले त्याच्या दुसऱ्या सकाळी ओल्टमान्स सर वर्ग भरण्याआधी एकटे आले. त्यांनी संगणक लावला, ती चौकट उघडली आणि यादीत कुठेतरी खोल जाऊन एका जागी बोट दाबले. बाजूचे दृश्य टुणकन उडी मारून पलीकडे जाऊन बसले. बरोबर जागी! त्यांनी मान डोलावली, संगणक बंद केला, माझ्यावरच्या यंत्रातून एक कप कॉफी काढली आणि शीळ घालत निघून गेले.

मित्रांनो, लाकूड पेट घ्यायला किती उष्णता लागते ते पुस्तकांत दिलेले असते. मी वाचले आहे. त्या सकाळी मला वाटले, ते आकडे चुकीचे आहेत.

त्यानंतर ओक्काचे पत्र आले. टामेन सरांनी ते माझ्याजवळ उभे राहून वाचले. वाचताना त्यांचे ओठ हलतात, म्हणून मला कळले. 'मोइन सर. तुम्ही तिथे होतात. मी विचारलं होतं, हे तुम्ही ऐकलंत. एवढंच लिहून द्या. मला दया नको आहे. मंडळ फेब्रुवारीअखेरपर्यंत हरकती घेतं. ओक्का.'

आणि सरांनी ते माझ्या पाठीत खोचले.

मी त्यांच्या बाजूने विचार करून पाहिला. मला ती खोड आहे. वसंतात सर निवृत्त व्हायचे होते. निरोपाचा समारंभ ओल्टमान्स सरच करणार होते. आयुष्यभर हा माणूस कुणाशी भांडला नव्हता. शिवाय त्यांना स्वतःवर भरवसा नाही. मी नीट ऐकले का, मला काही दिसले की भास झाला, माझी समजूत जुनी तर नाही... असे ते पुटपुटत. शंका मलाही येतात. हे सांगतानासुद्धा दर दुसऱ्या वाक्याला येत आहेत. पण शंका येणे निराळे आणि शंकेच्या आड दडून बसणे निराळे. एक मुलगी शंका आली म्हणून उभी राहिली आणि सनद गमावून बसली. दुसरा शंका येते म्हणून बसून राहिला, आणि त्याच्यासाठी केक येणार होता!

फेब्रुवारी उतरणीला लागला होता. एका दुपारी वर्ग सुटल्यावर सर एकटेच होते. कॉफीचे यंत्र त्यांनी जमिनीवर ठेवले होते आणि माझ्यावर चहाची किटली मांडली होती. दारात ओक्का आली. अंगावर पिठाचे डाग.

"मोइन, ओक्का! ये, ये. बस ना."

"उभीच बरी, सर. बेकरीत दिवसभर उभीच असते."

"तुमच्या बेकरीचा पाव चांगला असतो हं."

"असायचाच. कापते मी. सरळ कापते. डावं उजवं बघून."

सरांनी कपात खडीसाखरेचा खडा टाकला. वर चहा ओतला, खडा तडकला. मग कडेकडेने चमच्याने साय सोडली. ती ढवळायची नसते. ढगासारखी आपली आपण वर येते. दोघांनी तो ढग वर येईपर्यंत वाट पाहिली, कारण काहीही झाले तरी आमच्याकडे तेवढी वाट पाहतात.

"पत्र मिळालं तुझं," सर म्हणाले.

"मिळालं हे कळवलं असतंत तरी चाललं असतं. मी टपालवाल्याला शिव्या देत बसले. गरीब बिचारा."

"मला खात्री नव्हती, ओक्का. नेमकं काय ऐकलं, तू नेमकं काय म्हणालीस... इतक्या दिवसांनी..."

"तुमचे कान लाल झाले होते, सर."

सरांचा हात कानाकडे गेला.

"अख्खा वर्ग हसत होता तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते. म्हटलं, एका माणसाला तरी समजलंय. कान बघा, समजलंय. आता बोलतील." ती चहाचा शेवटचा घोट प्याली. "मी मनात मोजत होते, आता बोलतील, आता बोलतील. मग तुम्ही पिशवी उचललीत."

सरांनी किटली उचलली, दुसरा कप भरायला. आमच्याकडे पाहुण्याचा हक्क तीन कपांचा. तीन घेतल्याशिवाय कुणी उठत नाही, शत्रूच्या घरूनही नाही. पुरे झाले हे तोंडाने म्हणत नाहीत; कपात चमचा ठेवतात.

ओक्काने पहिल्याच कपात चमचा ठेवला.

त्याचा आवाज केवढासा झाला असेल? पण माझ्या फळीभर तो फिरला. सरांच्या हातात किटली तशीच राहिली, तोटीतून दोन थेंब माझ्यावर पडले.

"चहा छान होता," ओक्का म्हणाली आणि गेली.

सर त्या चमच्याकडे बघत बसले. मी मायेने काही बोललो असतो, पण मला माया येत नव्हती. बरे झाले, असेच मला वाटले. लागू द्या.

मग ते उठले. किटली आणि कप खाली ठेवले. बाहीने माझे डाग पुसून पाहिले. ते काही निघणारे नव्हते. खिडकीला अडकवलेला माझा हात काढून आणला आणि खांद्यावर बसवला. पायाने दांडी दाबली. मी गंजलो होतो, किंचाळलो, पण उठलो. मला तिरका उभा करून सरांनी कागद चिकटवला, पेन्सिलीला टोक काढले आणि रेघ मारली. मित्रांनो, तीच रेघ! तिच्यावरून पाणी वाहत जावे अशी.

कागदाच्या वरच्या अर्ध्यात त्यांनी दाराचा हात आपल्या रीतीने काढला. खालच्या अर्ध्यात यंत्राने मांडला होता तसा. आणि दोन्हींच्या मध्ये तो शंकू, ज्याने शब्द दिला आणि ज्याचा शब्द मोडला गेला. तळाशी काय घडले ते लिहिले; त्या ओळी खरडल्या नाहीत, नकाशाघरातल्या सुबक अक्षरांत लिहिल्या.

तेवढ्यात ओल्टमान्स सर आत आले.

"हे काय, कॉफी जमिनीवर? टामेन, बरं झालं भेटलात. हे लाकडी धूड उद्या कचऱ्याच्या कंटेनरमध्ये टाकायला सांगितलंय. तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

"मलाही तुम्हाला सांगायचं राहून गेलं," टामेन सर म्हणाले. कान लालभडक झाले होते. आवाजही कापत होता. पण तो बाहेर येत होता. "हे बघा."

ओल्टमान्स सरांनी नकाशा पाहिला. या वेळी मात्र पाहिला.

"याचा अर्थ काय?"

"ओक्कानं विचारलं होतं. तुम्ही पुढे चल म्हणालात. मी इथे उभा होतो. आणि बांधावरच्या त्या फजितीनंतर पहिल्याच तासाला मुलं मला विचारायला लागली, सर, दृश्य आता पलीकडे कसं बसतं? मी म्हटलं, माहीत नाही. खोटं बोललो. हा कागद मंडळाकडे जातोय."

"टामेन, पुढच्या महिन्यात तुमचा निरोप आहे. भाषण मी करणार आहे. केकसुद्धा सांगून झालाय."

"मग ओक्काला बोलवा कापायला. ती सरळ कापते."

ओल्टमान्स सरांनी वाकून कॉफीचे यंत्र उचलले, ते ठेवायला जागा शोधू लागले, आणि ते पोटाशी धरूनच बाहेर गेले.

टामेन सरांनी दुसरा, छोटा कागद घेतला. माझ्यावर वाकून त्यांनी जे लिहिले ते मी अक्षर न् अक्षर वाचले, कारण ते माझ्यावर उमटत होते: 'ओक्का, तू विचारलं होतंस. मी ऐकलं होतं. मंडळाला नकाशासह कळवतो आहे. त्यांनी बोलावलं की जाईन. कान लाल होतील, पण जाईन. चमचा तू योग्य ठिकाणी ठेवलास. फोल्केर्ट टामेन.'

दुसऱ्या सकाळी कंटेनरची गाडी यायच्या आत सर सायकलला हातगाडी जोडून आले. माझा लोखंडी पाय त्यांना उचलवला नसता. त्यांनी पेचकस घेऊन मला चौकटीपासून सोडवले. तेव्हा ओक्काचे पत्र खाली पडले. सरांनी ते उचलले, कोटाच्या आतल्या खिशात ठेवले, आणि मला दोरीने हातगाडीवर बांधले. कोपऱ्यात गुलाबाचा डबाही ठेवला.

आम्ही बांधाच्या रस्त्याने निघालो. वारा समोरून होता. सर सायकलवर बसले नाहीत, ओढतच चालले. मला आभाळ दिसत होते, जे नकाशाघराच्या खिडकीतून नेहमी अर्धेच दिसायचे.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आमच्यासारख्यांनी म्हणायचे असते की जुन्या वस्तू जपा. जपा हो, जपलेत तर बरेच होईल. पण मी एवढे सोसले ते माझ्या डागांबद्दल सांगण्यासाठी नाही. तुमच्या वर्गात कुणीतरी एक दिवस उभे राहील आणि म्हणेल, थांबा, हे उलटे बसते आहे. यंत्र नवे असेल, शिक्षक मोठा असेल, वर्ग हसत असेल. त्या वेळी तुम्ही कोरे कागद चाळू नका. तुमचे कान लाल झाले तर होऊ द्या. पण पिशवी उचलू नका. ओक्काला सनद मिळेल की नाही, मला माहीत नाही, आणि मिळाली तरी त्या हिवाळ्याचा माझा राग जाईल असे वाटत नाही. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

पुलापाशी पिवळी टपालपेटी आहे. सर तिथे थांबले. मंडळाच्या पाकिटातला नकाशा त्यांनी बाहेर काढून पुन्हा एकदा पाहिला. जुन्या आरेखकांची घडी होती ती, कोपऱ्यातला शंकू वर राहील अशी. तो त्यांनी परत आत सरकवला. मग ओक्काचे पाकीट. पेटीच्या झापडीपाशी त्यांचा हात अडला, अगदी क्षणभर, आणि त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले.

मी सपाट राहिलो. दुसरे मला काय येते?

झापड वर गेली, दोन्ही पाकिटे आत पडली, आणि झापड मिटली.